उलटी वाहणारी चिकुमा

कावाबे, शिनानो
मेइजी ३४, ८ फेब्रुवारी

मासुकिचीस अनेक आशीर्वाद.

इथे बर्फ ओसरीच्या कडेपर्यंत आलंय. तुझ्या तोक्योत नुसता चिखल असेल. तू पाठवलेली उदबत्ती आणि तामीचं पत्र माझ्या नुईच्या दिवसांतच मिळालं होतं. उत्तर दिलं नाही. लिहायला बसलं की हात थांबायचा. आज काम आहे म्हणून बसले. काम असलं की मला लिहिता येतं.

सोबतच्या बांबूच्या नळकांड्यात एक चित्र आहे. जपून काढ. शरदात आमच्याकडे बोकुआन नावाचे म्हातारे चित्रकार उतरले होते. एके काळी तुमच्याकडच्या प्रकाशकांना चित्रं द्यायचे म्हणे. आता छापील चित्रांना गिऱ्हाईक नाही, म्हणून गावोगाव पडदे रंगवत फिरायचे. त्यांनी हे काढलं. नुई आमच्या मागच्या ओसरीवर तिची तीनतारी शामिसेन घेऊन बसली आहे, पलीकडे चिकुमा नदी, बोरूचं बन आणि चंद्र. तुमचा भाऊ छापाच्या लाकडी फळ्या कोरणारा आहे ना, मग त्याच्या सुरीसाठीच काढतो, असं म्हणून त्यांनी तो तुमचा पातळ कागद घेतला. सही केली नाही, छापताना करू म्हणाले. आणि गेल्या महिन्यात तेही गेले. म्हणजे आता ना काढणारा उरला, ना जिचं काढलं ती माझी पोर.

तिचा फोटो नाही. शहरात जाऊन काढू, काढू म्हणता राहून गेलं.

कोरताना मूळ कागद सुरीखाली निघून जातो, चित्र उरत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. तरी पाठवते आहे. एक कागद उराशी धरून किती दिवस बसू? एक कोपरा कसरीने खाल्लाच आहे. छाप निघाले तर नातलगांकडे, तिच्या मैत्रिणींकडे, चार घरी राहील ती.

एकच मागणं आहे. ऑगस्टमध्ये बोनचा सण. गेलेली माणसं सगळी घरी येतात, पण नुईचं हे पहिलंच येणं. तिला त्या बाजूची वाट सवयीची नाही रे. दारात अग्नी पेटवीन तेव्हा पितरांच्या देव्हाऱ्यापाशी हे चित्र लावलेलं असू दे. आपलं घर, आपली नदी ओळखून ती आत येईल.

तुझी ताई,
किवा

•

कांदा पेठ, तोक्यो
२४ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

चित्र पोचलं. तामीचं म्हणणं, ते आल्यापासून मला जेवायला दोनदा हाक मारावी लागते. खोटं आहे, तीनदा लागते.

तुझे बुवा पक्के होते गं! एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रेघा कोरतोय, त्यामुळे रेघ बघून माणूस कळतो. चंद्र त्यांनी काढलेलाच नाही. भोवतीचं आभाळ तेवढं काढलंय. छापतानाही तेच करायचं, तेवढा कागद कोरा सोडायचा, त्याला हात म्हणून लावायचा नाही. नदीला निळा रंग ओल्या ब्रशने ओढत ओढत विरवून न्यायचा. बोरूची पाती सगळी एकाच अंगाला वाकलीत, म्हणजे वारा दिसतो.

पण खरं सांगू? मला भावला तो आवाज. नुई वाजवता वाजवता थांबली आहे. ती पंख्यासारखी पट्टी तारेवर टेकली आहे, मारलेली नाही. मान गवताकडे कलली आहे. गवतात किडा शोधून बघ, एकही नाही, आणि तरी मला त्याची किरकिर ऐकू येते. तीन तारांतली मधली तार इतर दोघींपेक्षा केसभर जाड आहे, कारण ती अजून थरथरते आहे. ती थरथर लाकडात ठेवू शकेल असे कोरणारे या शहरात आता दोनच राहिलेत. त्यातला दुसरा, यासुगोरो, दारू पितो.

धंद्याचं विचारू नकोस. लोकांना फोटो हवेत, पोस्टकार्डं हवीत. आम्ही बिस्किटांच्या डब्यांची लेबलं कोरतो. त्या डब्यावर फुजी आहे, तेवढाच काय तो निसर्ग.

बुवांची वयाने एका जागी चूक झालेली दिसते. तू घोर लावून घेऊ नकोस. असल्या गोष्टी लिहून कळवायच्या नसतात, निस्तरायच्या असतात. बोनच्या आत चित्र तुझ्या हातात पडेल.

पोरीला मी एकदाच पाहिलं. तू तिला घेऊन झेंकोजीच्या देवळात आली होतीस तेव्हा, तुझ्या कडेवर. माझी मिशी अशी ओढली होती की डोळ्यांत पाणी आलं. तिचा चेहरा मी कोरायचा, असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

तुझा,
मासुकिची

•

कावाबे
१८ मार्च

मासुकिचीस आशीर्वाद.

रेशीमकिड्यांची अंडी यायची वेळ झाली, टोपल्या धुवायच्यात, हात फुटलेत. म्हणून उशीर.

चित्राबद्दल तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. नुईचे कान असेच होते. गुरुबाई आंधळ्या, पण म्हणायच्या, पोरीचा कान सोन्याचा आहे. हाताबद्दल काय म्हणायच्या ते जाऊ दे.

चूक कसली? बुवांनी चित्र मला दाखवलं तेव्हा मला तर एकही दिसली नाही. ते संध्याकाळी दोन पेले घ्यायचे खरे, पण कुंचला हातात असताना नाही. कळव लगेच. आणि कळवल्याशिवाय सुरी लावू नकोस. तुझी खोड मला ठाऊक आहे, लहानपणी घड्याळ दुरुस्त करतो म्हणून उघडलं होतंस.

किवा

•

कांदा
२० एप्रिल

ताईस नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा चेहरा आणि केस कोरून झाले होते. रागावू नकोस, सोबत नुसत्या काळ्या रेघांचा पहिला छाप पाठवतोय, तो बघितलास की राग पळेल. रंगांच्या फळ्या यानंतर.

आता चूक सांगतो. पट्टी डाव्या हातात! आणि शामिसेनची मान उजव्या हातात. मी कागद नाकाला लावून बघितला, तरी तेच. मग उलगडलं. चित्र फळीवर पालथं चिकटवतात, म्हणजे कोरीव उलटं होतं आणि छाप सुलट येतो. काही म्हातारे चित्रकार नको तेवढे शहाणे असतात, कोरणाऱ्याला सोपं जावं म्हणून आपणच आधी उलटं काढून ठेवतात. कुणा नवशिक्याने ते नेहमीसारखं पालथं चिकटवलं असतं, तर तुझी पोर गावभर भिंतींवर डावखुरी म्हणून लागली असती! मी उताणं चिकटवलं. आता बघ, पट्टी कशी उजव्या हातात आली.

त्याबरोबर एक झालं. किमोनोची उजवी बाजू वर आली. मी दचकलो. जिवंत माणूस डावी बाजू वर घेतं, उजवी वर घेऊन आपण फक्त प्रेताला नेसवतो. दोन दिवस सुरी खाली ठेवून बसलो. मग लक्षात आलं. तू लिहिलंस ना, शरदात काढलं म्हणून? नुईही शरदातच गेली. म्हणजे ती गेल्यावर बुवांनी आठवणीने काढलं, आणि मुद्दाम तिला गेलेल्या माणसाचं नेसणं दिलं. केवढा विचार केला म्हाताऱ्याने! ताई, मी मोठा माणूस, फळीवर डोकं टेकून रडलो.

सही असती तर सगळंच सोपं झालं असतं. अक्षरांनी सांगितलं असतं उलटं कोणतं नि सुलट कोणतं. पण कागद इतका पातळ की शाई दोन्हीकडून सारखीच.

मधल्या तारेची थरथर बघ हं.

मासुकिची

•

कावाबे
२७ एप्रिल

मासुकिची,

तुझा छाप काल आला. शेजारची हारु बसली होती, दोघींनी मिळून गुंडाळी सोडली. ती म्हणाली, "अगं बाई, हिला प्रेतासारखं काय नेसवलंय?" मी तिला घरी जायला सांगितलं.

बुवांनी काहीही चुकवलं नव्हतं. नुई डावखुरी होती.

तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. जेवायच्या काड्या तिला उजव्या हातात धरायला लावल्या. लिहिताना डावा हात कंबरपट्ट्यात खोचून ठेवायला लावला. डावखुरी मुलगी कोण करून नेणार? गुरुबाई उजव्या हाताने शिकवायच्या आणि म्हणायच्या, कान सोन्याचा आणि हात लाकडाचा. खरंच लाकडाचा होता तो हात. पण घरी आली की ती तारा काढून उलट्या चढवायची, सगळी दारं लावून घ्यायची आणि डाव्या हाताने वाजवायची. तेव्हा, मासु, मी चुलीपाशी हातातलं काम टाकून बसून राहायची. भात करपायचा.

ऑक्टोबरच्या पौर्णिमेला बुवांनी ते बंद दारांतून ऐकलं. म्हणाले, "दारं उघडा की बाई. बाहेर ऐकायला आहे कोण? किडे. त्यांना डावं-उजवं कळत नाही." मी उघडली. चंद्राला ठेवलेले तांदळाचे गोळे तिने बाजूला सारले आणि ओसरीच्या कडेला बसली. जन्मात पहिल्यांदा उघड्यावर, तिच्या हाताने. मध्येच गवतात एक किडा बोलला तशी ती थांबली. त्याला वाट दिली तिने. ती थांबली तेच बुवांनी काढलं. तेवढी एकच संध्याकाळ तिच्या वाट्याला आली. महिन्याने तापाने गेली. चित्र काढलं तेव्हा ती जिवंत होती रे, जिवंत!

आणि तू आमची नदी पाहिलेली नाहीस. चिकुमा आमच्या ओसरीसमोरून उजवीकडून डावीकडे जाते. तुझ्या छापात ती उलटी वाहते. होडी उलटी, खिंड भलतीकडे, चंद्र परक्या डोंगरावर. ऑगस्टमध्ये माझी पोर अंधारातून वाट काढत येईल आणि काय बघेल? नदी उलटी वाहते आहे आणि आईने ओसरीवर एक प्रेत बसवलंय, उजव्या हाताने वाजवणारं. मी तिला जन्मभर जे करायला लावलं ते ती मेल्यावर तू पुरं केलंस. शाबास. बहीण-भाऊ शोभतो खरे.

झेंकोजीला तिने तुझी मिशी कोणत्या हाताने ओढली होती, आठवतंय?

किवा

•

कांदा
६ मे

ताईस,

डाव्या. तुझं पत्र वाचलं आणि आठवलं.

बचाव करत नाही. करायचा म्हटला तरी कशाचा करू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दर पावलाला मला खूण दिसत होती आणि दर खुणेला मी माझा शहाणपणा जोडत गेलो. कोरणाऱ्याने विचार करायचा नसतो, समोर आहे ते कोरायचं असतं, हे माझे गुरू मला चापट्या मारून शिकवायचे. मी चापट्या खाल्ल्या, शिकलो नाही.

उपाय आहे. त्या फळीवरून एक छाप सगळ्यात पातळ कागदावर काढून घेतला आहे. तो नव्या फळीवर पुन्हा उताणा चिकटवला की उलट्याचं सुलट होतं. पट्टी तिच्या डाव्या हातात येईल, किमोनो जिवंत माणसाचा होईल, चिकुमा जाते तशी जाईल. एक कबूल करतो, एकदा कोरलेली रेघ पुन्हा कोरली की थोडी मरते. बुवांच्या कुंचल्याचा श्वास सगळा राहणार नाही. पण चेहरा राहील. चेहरा मी जाऊ देणार नाही.

जुनी फळी त्याच दिवशी रंधून टाकली. समोर ठेववेना.

तोवर एक कर. तुझ्याकडचा छाप आरशासमोर धर आणि आरशात बघ. नुई होती तशी दिसेल, डाव्या हाताने वाजवणारी.

मासुकिची

•

कावाबे
१४ मे

मासुकिचीस,

छाप नाही. तुला पत्र लिहिलं आणि तो चुलीत घातला.

आरशाचं तू आधी कळवायला हवं होतंस. की मलाच सुचायला हवं होतं? आरसा तर पुढ्यातच होता. जळताना तिचा चेहरा शेवटी गेला, कागद कडेकडेने पेटत आला म्हणून. तेव्हाही मला वाटत होतं, ही ती नव्हेच.

म्हणजे आता मूळ चित्र नाही, तुझी फळी नाही, माझा छाप नाही. जी काही नुई उरली आहे ती तुझ्याकडच्या त्या एका कागदावर. तोही सुरीखाली जाणार. रेशीमकिडे पाला खातात त्याचा पावसासारखा आवाज रात्रंदिवस घरात चाललाय आणि मी नुसती बसून असते.

चेहरा सांगून ठेवते. कपाळ माझ्यासारखं अरुंद नाही, तिच्या वडिलांसारखं रुंद. वरचा ओठ जरासा पुढे, काहीतरी बोलायचं आहे आणि गप्प बसली आहे असा. डोळे किंचित वेगळे, एक मोठा. हे सगळं बुवांनी बरोबर टिपलं होतं. तू फक्त रेघ सोडू नकोस.

रागाने लिहिलं ते मागे घेत नाही. पण पोटभर जेवून सुरीला बस.

किवा

•

कांदा
२० जून

वन्संना तामीचा नमस्कार.

ह्यांना न कळवता लिहिते आहे. कळलं तर घर डोक्यावर घेतील.

ह्यांचे डोळे गेले, वन्सं. एकदम नाही, दोन वर्षं जाताहेत. जाळं पसरतंय. नुईचं चित्र आलं तेव्हा निदान दुपारच्या उजेडात नाकाशी धरून दिसायचं. पहिला चेहरा कोरला त्यातच उरलंसुरलं संपलं. लेबलं तर कधीची यासुगोरो कोरून देतात आणि हे वर नाव घालतात. तुम्हाला कळवू नको म्हणून मला शपथ घातली आहे. "ताई म्हणेल, उघडलंच शेवटी याने घड्याळ," असं म्हणून हसतात.

आता उजेड एकवटावा म्हणून दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा टांगून बसतात. पूर्वी एक पुरायचा, आता तीन टांगलेत. तरी रेघ दिसत नाही. मग बोटाने चाचपतात. नदी, बोरू, होडी झाली, तेवढं जाड काम हाताच्या सवयीने होतं. काल मी म्हटलं, चेहरा तरी यासुगोरोंना द्या. ते तयार आहेत, मुलीची गोष्ट ऐकून त्यांनी या महिन्यात पेल्याला हात लावलेला नाही. तर हे म्हणाले, "चेहरा मला ठाऊक आहे. मला बघावं लागत नाही." मला भीती वाटली ते ऐकून.

कागद अजून शाबूत आहे. चेहऱ्याला सुरी लागलेली नाही. हे माझं ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही एक ओळ लिहा, "यासुगोरोला दे," एवढीच. लवकर लिहा.

तामी

•

कांदा
३ ऑगस्ट

ताईस नमस्कार.

अक्षर तामीचं आहे, माझ्या बोटाला लागलंय म्हणून. शब्द माझे.

झालं. दहा छाप पाठवतोय, बोनच्या आधी पोचतील. पट्टी डाव्या हातात, किमोनो जिवंत माणसाचा. चंद्र कोराच ठेवला. नदीच्या निळ्या रंगासाठी मी स्वतः छापणाऱ्याच्या शेजारी बसलो. ओला ब्रश फळीवर ओढला की आधी भरलेला आवाज येतो आणि रंग विरत जातो तसा तो बारीक होत होत थांबतो. तो थांबेल तिथे नदी संपवायची. ऐकून ऐकूनच छापून घेतली म्हण ना. छापणारा म्हणाला, म्हातारा नदीची नाडी बघतोय.

मधल्या तारेची थरथर नाही राहिली. तीन तारा तीन तारांसारख्या आल्यात. माफ कर.

तामी म्हणते चेहरा छान आलाय. पण तिने नुईला कधी पाहिलं नव्हतं. यासुगोरोला विचारलं तर तो विषय बदलतो, आणि पुन्हा प्यायला लागलाय. म्हणून तुला विचारतो. बाकी काही लिहू नकोस, एवढंच कळव. चेहरा तिचाच आला का?

मासुकिची

•

कावाबे
१८ ऑगस्ट

तामीस आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरतं. वाचून चुलीत घाल. सोबत दुसरं आहे, ते त्याला मोठ्याने वाचून दाखव.

चेहरा माझा आहे.

मी सोळा वर्षांची होते, मासु अकराचा. तोक्योला शिकायला निघाला तेव्हा मी माहेरच्या फाटकापाशी उभी राहिले आणि तो वळून वळून बघत गेला. तोच चेहरा आहे हा. अरुंद कपाळ, मिटलेला ओठ, दोन्ही डोळे सारखे. बोटांना दिसेनासं झालं तिथे त्याच्या हाताने जे होतं ते भरलं, आणि त्याच्यापाशी तेवढाच एक चेहरा होता. त्याला कळलेलंही नाही. नुईच्या जागी मी बसले आहे, तिचं वाद्य घेऊन, तिच्या डाव्या हाताने.

तुझं जूनचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. कागद तेव्हा शाबूत होता. एक ओळ लिहायची होती. मी दौत काढली, शाई घोटली आणि लिहिली नाही. मनात एक कोपरा म्हणत होता, याने बिघडवलं ना, मग यानेच निस्तरू दे. दुसऱ्या दिवशी लिहीन म्हटलं. मग म्हटलं, आता उशीर झाला असेल. माणूस स्वतःच्या पोरीचा चेहरा असाही घालवतं, तामी. आधी चुलीत, मग आळसात नाही तर सूडात. काय म्हणायचं ते तू म्हण.

बोनच्या पहिल्या संध्याकाळी दारात भूर्जाची साल पेटवली. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, लवकर ये म्हणून. वांग्याची गाय केली, सावकाश परत जा म्हणून. चित्र देव्हाऱ्यापाशी लावलं. हारु आली, बघून म्हणाली, "अगं, हुबेहूब नुई!" तिच्यामागून दोघी-तिघी आल्या, त्याही तेच म्हणाल्या, डोळे पुसले. वर्ष नाही झालं अजून. त्यांना आताच आठवत नाही.

आणि माझं सांगू? डोळे मिटले की मला तिचं कपाळ दिसायचं. आता चित्र दिसतं.

साल जळून गेली तरी मी दारातच उभी होते. ती आली असेल तर लांबूनच घर ओळखलं असेल तिने. नदी बरोबर जाते आहे, चंद्र खिंडीवर आहे, दारं उघडी आहेत. मग आत बघून म्हणाली असेल, ओसरीवर माझ्या जागी ही कोण बसली आहे? आणि आधीच भरलेलं घर बघून तशीच मागे फिरली असेल. भिडस्त होती फार. किड्यालासुद्धा वाट द्यायची.

मासुला जप. त्याला हे कधीही कळता कामा नये.

किवा

•

कावाबे
१८ ऑगस्ट

मासुस अनेक आशीर्वाद.

छाप बोनच्या आधी पोचले, एकही चुरगळला नव्हता. देव्हाऱ्यापाशी लावला आहे. चिकुमा जाते तशीच जाते आहे, निळा रंग अगदी पहाटेच्या पाण्याचा आलाय, आणि चंद्राला तू हात लावला नाहीस ते फार बरं केलंस. तारेचं मनाला लावून घेऊ नकोस. थांबली आहे ना ती, ऐकते आहे. तार केव्हातरी शांत होणारच.

हारुने दारातूनच पाहिलं आणि तिच्या तोंडून "नुई!" असं निघालं. बाया रडल्या. अग्नी विझेपर्यंत मी दारात उभी होते.

आता सुरी ठेव. पुरे झालं. थंडी पडायच्या आत दोघं इकडे या, नदी आली की मी तुला सांगेन.

चेहऱ्याचं विचारलंस. तीच आहे.

तुझी ताई,
किवा